चामखीळ, विषाणू आणि कर्करोग

दरवर्षी अकरावीच्या मुलांना साध्या लंबकाचा प्रयोग करायला दिला की एक गोष्ट हमखास घडते. दोऱ्याची लांबी मोजायची, वीस आंदोलनांना लागणारा वेळ घ्यायचा आणि त्यावरून गुरुत्व त्वरणाचे मूल्य काढायचे, असा हा प्रयोग. पुस्तकात ते मूल्य ९.८ असे छापलेले असते. जर्नले तपासायला आली की पाहावे, तर जवळजवळ प्रत्येकाचे उत्तर ९.७८, ९.८१, ९.८० असे! एखादाच विद्यार्थी खाली मान घालून पुढे येतो आणि विचारतो, "सर, माझे १०.६ येते आहे. किती आणायचे असते?"

माझ्या मते त्या दिवशी प्रयोगशाळेत खरा प्रयोग त्या एकट्यानेच केलेला असतो. उत्तर चुकले असेल. पण ते त्याच्या लंबकाचे उत्तर आहे, पुस्तकाचे नव्हे. ते का आले, याचा शोध घेतला तर तो काही तरी शिकेल.

विद्यार्थी मित्रहो, आज तुम्हाला अशाच एका शास्त्रज्ञाची ओळख करून द्यायची आहे. सगळ्या जगाने अपेक्षिलेले उत्तर त्याच्या प्रयोगात आले नाही आणि त्याने ते जुळवूनही घेतले नाही. त्याचा परिणाम असा झाला की, एका कर्करोगाला तो होण्यापूर्वीच अडवणारी लस आज आपल्या हाती आहे. हाराल्ड त्सुर हाउझेन हे त्याचे नाव. २००८ सालच्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग त्यांना मिळाला आणि मे २०२३ मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हा कर्करोग गर्भाशयमुखाचा, म्हणजे गर्भाशयाचे तोंड जेथे योनिमार्गात उघडते त्या भागाचा. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक संस्थांचा अंदाज आहे. रोग शरीराच्या आतल्या भागात, त्यात बोलायची लाज. म्हणून पुष्कळदा तो लक्षात येतो तेव्हा उशीर झालेला असतो. आपण मात्र शास्त्र शिकतो आहोत. शरीराच्या अवयवांची नावे घेताना आपण लाजायचे कारण नाही.

संशयित पहिला

कर्करोग विषाणूमुळे होऊ शकतो, ही कल्पना तशी जुनी आहे. पेटन रौस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९११ मध्ये कोंबडीच्या गाठीचा रस काढून तो अतिशय बारीक गाळणीतून गाळला. त्यात एकही पेशी उरली नव्हती. तो रस दुसऱ्या कोंबडीला टोचला, तर तिलाही गाठ आली. म्हणजे गाळणीतून पार होण्याइतके सूक्ष्म असे काही तरी गाठ निर्माण करीत होते. लोकांनी ही गोष्ट फारशी मनावर घेतली नाही. रौस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी!

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल तर त्याही आधीचा एक धागा होता. इटलीतील रिगोनी-स्टर्न या वैद्याने १८४२ मध्ये व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या नोंदी चाळल्या. जोगिणी, म्हणजे आजन्म अविवाहित राहणाऱ्या ख्रिस्ती संन्यासिनी, गर्भाशयाच्या कर्करोगाने क्वचितच मरतात, असे त्याला दिसले. यावरून पुढे तर्क निघाला की हा रोग लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या एखाद्या जंतूशी निगडित असावा. पण तो जंतू कोणता?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस बहुतेकांचे बोट एकाच विषाणूकडे होते. त्याचे नाव हर्पिस सिम्प्लेक्स, प्रकार दोन. हा विषाणू जननेंद्रियांवर फोड आणतो, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे अधिक प्रमाणात सापडत होती. संशय अगदी सयुक्तिक होता. मात्र पुराव्यातली एक फट पाहा. रक्तात प्रतिपिंडे आहेत याचा अर्थ तो विषाणू केव्हा तरी शरीरात येऊन गेला, एवढाच. गुन्ह्याच्या जागी तो होता की नाही, हे त्यावरून कळत नाही.

दोन पेडांचा गोफ

त्सुर हाउझेन यांचा जन्म ११ मार्च १९३६ रोजी जर्मनीतील गेल्झेनकिर्शेन या औद्योगिक गावी झाला. दुसऱ्या महायुद्धात तेथे इतके बाँबहल्ले झाले की शाळाच बंद पडल्या आणि त्यांच्या प्राथमिक शिक्षणात मोठे खंड पडले. पुढे ते डॉक्टर झाले. पण ओढा होता संशोधनाकडे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला काही वर्षे काम करून ते १९६९ मध्ये जर्मनीत व्युर्त्सबुर्ग येथे परतले.

येथे त्यांनी एक महत्त्वाचा प्रयोग केला. आफ्रिकेतील मुलांना होणाऱ्या बर्किट लिम्फोमा नावाच्या गाठीशी एपस्टाइन-बार या विषाणूचा संबंध असावा, असे दिसू लागले होते. परंतु गाठीतून वाढवलेल्या काही पेशींत विषाणूचा एकही कण दिसत नसे. त्सुर हाउझेन यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की कण नसले तरी विषाणूचे डी. एन. ए. त्या पेशींत आहेच. चोर घरात दिसत नव्हता, पण त्याचे सामान माळ्यावर पडलेले होते, असे म्हणा ना!

हे त्यांनी कसे ओळखले? येथे थोडे थांबू, कारण पुढची सगळी कथा या एका युक्तीवर उभी आहे. शिवाय ती भौतिकशास्त्राची आहे, त्यामुळे मला राहवत नाही.

डी. एन. ए. म्हणजे दोन पेडांचा गोफ. प्रत्येक पेडावर ए, टी, जी आणि सी अशा चार रासायनिक अक्षरांची माळ असते. एका पेडावर ए असेल तेथे समोरच्या पेडावर टी, आणि जी असेल तेथे सी. ही जोडी हायड्रोजन बंधांनी धरलेली असते. एकेक बंध अगदी दुबळा. परंतु हजारो एकत्र आले की गोफ घट्ट होतो. आता द्रावण उकळीच्या जवळपास तापवा. रेणूंची धडपड इतकी वाढते की बंध सुटतात आणि पेड वेगळे होतात. पुन्हा सावकाश थंड होऊ दिले की प्रत्येक पेड आपला जोडीदार शोधून त्याला चिकटतो.

समजा, आपल्याजवळ एखाद्या विषाणूच्या डी. एन. ए.चा सुटा पेड आहे आणि त्याला आपण किरणोत्सारी अणूंची खूण केली आहे. हा पेड गाठीतून काढलेल्या, सुट्या केलेल्या डी. एन. ए.त सोडला. तेथे त्याचा जोडीदार असेल तर तो चिकटून बसेल. नसेल तर धुऊन निघून जाईल. मग फक्त किरणोत्सार उरला की नाही, एवढेच पाहायचे. माणसाच्या डी. एन. ए.त सुमारे तीनशे कोटी अक्षरजोड्या असतात. त्यांच्या गर्दीत विषाणूची काही हजार अक्षरे हुडकून काढणारी ही युक्ती आहे.

त्सुर हाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्पिस विषाणूसाठी हीच युक्ती वापरली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे नमुने घेतले, हर्पिसचा खूण केलेला पेड त्यांत सोडला. चिकटला नाही. दुसरे नमुने घेतले. नाही. आणखी घेतले. नाहीच.

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात फ्लोरिडातील की बिस्केन येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी हे नकारार्थी निष्कर्ष मांडले. परिषद हर्पिसच्या अभ्यासकांची. त्याच परिषदेत, गर्भाशयमुखाच्या एका कर्करोगात हर्पिसच्या डी. एन. ए.चा भाग सापडल्याचे दुसऱ्या गटाने जाहीर केले होते. तेव्हा या जर्मन डॉक्टरची पद्धतच पुरेशी संवेदनशील नसावी, असा सभागृहाचा सूर होता. भाषणाला फारशी दाद मिळाली नाही.

आता तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? एक मार्ग म्हणजे पद्धत बदलत राहायची, कधी तरी हर्पिस सापडेलच. पण ही पद्धत बर्किटच्या गाठीत विषाणू शोधताना अचूक चालली होती. तेव्हा पद्धतीवर विश्वास ठेवून त्यांनी संशयितच बदलला.

संशयित दुसरा

जुन्या वैद्यकीय मासिकांत त्यांना काही रुग्णांच्या हकिकती आढळल्या होत्या. जननेंद्रियांवर येणाऱ्या चामखिळी क्वचित पुढे कर्करोगात बदलतात, असे त्यांत नोंदले होते. चामखीळ विषाणूमुळे होते हे माहीत होतेच. पॅपिलोमा विषाणू असे त्याचे नाव. हातापायांवरच्या चामखिळी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील, किंवा त्या मिरवल्याही असतील! अशा क्षुद्र विषाणूकडे कर्करोगाचे अभ्यासक कशाला बघतात?

त्सुर हाउझेन यांनी चामखिळी गोळा केल्या, त्यांतील विषाणूचे डी. एन. ए. मिळवले आणि पूर्वीचीच युक्ती लढवली. १९७४ मध्ये पहिला निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या नमुन्यांत पेड चिकटला नाही. इतकेच काय, जननेंद्रियांवरच्या बहुतेक चामखिळींतही तो चिकटला नाही!

पुन्हा "नाही". पण हे दुसरे "नाही" फार बोलके होते. चामखीळ तर विषाणूमुळेच होते. मग एका चामखिळीचा विषाणू दुसऱ्या चामखिळीत का सापडू नये? याचे एकच सरळ उत्तर होते. चामखिळीचा विषाणू एक नव्हेच. हे एक मोठे कुटुंब असले पाहिजे. पॅरिसमध्ये जेरार ओर्त हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले. आज या कुटुंबातील दोनशेहून अधिक प्रकार आपल्याला माहीत आहेत आणि त्यांना सापडण्याच्या क्रमाने नुसते आकडे दिलेले आहेत.

यानंतर जवळजवळ दहा वर्षे चिकाटीचे काम चालले, आधी एरलांगेन येथे आणि १९७७ पासून फ्रायबुर्ग येथे. जननेंद्रियांवरच्या चामखिळींत विषाणूचे कण अतिशय कमी असतात, त्यामुळे डी. एन. ए. मिळवणेच कठीण. अखेर लुट्झ गिसमान या सहकाऱ्याने प्रकार ६ वेगळा केला. त्याच्या मदतीने घशातील चामखिळीतून प्रकार ११ मिळाला. दोन्ही पेड कर्करोगाच्या नमुन्यांत सोडून पाहिले. पक्के असे काही चिकटले नाही. मात्र प्रकार ११ च्या वेळी काही नमुन्यांत पुसट, अगदी पुसट पट्टे उमटले.

पुसट पट्टा म्हणजे प्रयोगातली घाण म्हणून सोडून देता आली असती. येथे तापमानाची गंमत कामी आली. मघाशी आपण पाहिले की गोफ उष्णतेने सुटतो. तापमान जास्त ठेवले तर तंतोतंत जुळणारे पेडच एकमेकांना धरून राहतात. तापमान कमी ठेवले तर काही अक्षरे न जुळणारे, पण बऱ्यापैकी सारखे असणारे पेडही टिकतात. म्हणजे कडक तपासणीत फक्त तोच माणूस ओळखू येतो. सैल तपासणीत त्याचा चुलतभाऊही सापडतो. प्रकार ११ चा पेड सैल परिस्थितीत ज्याला चिकटत होता, तो कर्करोगातला चुलतभाऊच असणार! माथियास ड्युर्स्ट या विद्यार्थ्याने त्याला वेगळे केले. हाच प्रकार १६.

१९८३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. जर्मनीतील १८ रुग्णांच्या कर्करोगांपैकी ११ मध्ये, आणि केनिया व ब्राझीलमधून आणलेल्या २३ नमुन्यांपैकी ८ मध्ये प्रकार १६ चे डी. एन. ए. होते. पुढच्याच वर्षी मिखाएल बोशार्ट या दुसऱ्या विद्यार्थ्याने प्रकार १८ शोधला. तो कोठे सापडावा? इतर नमुन्यांबरोबर हेला पेशींतही! या पेशी हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून १९५१ मध्ये, तिला न विचारता, घेतलेल्या होत्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत तेहतीस वर्षे वाढवल्या जात होत्या. असंख्य शास्त्रज्ञांनी त्या हाताळल्या. विषाणूचे सामान त्यांच्या माळ्यावर होते आणि कोणी वर पाहिले नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हे डी. एन. ए. हाती येताच त्सुर हाउझेन यांनी ते मागणाऱ्या इतर प्रयोगशाळांना देऊन टाकले. त्यामुळे त्यांचे म्हणणे खरे की खोटे, हे जगभर लवकर तपासता आले.

सापडला म्हणजे दोषी का?

एखाद्या चौकस विद्यार्थ्याने येथे शंका काढायला हवी: हर्पिसच्या वेळी तुम्ही म्हणालात की रक्तात खूण सापडली म्हणजे तो गुन्हेगार नव्हे, मग याला का दोषी ठरवता? शंका रास्त आहे.

या विषाणूचा कण सुमारे ५५ नॅनोमीटर व्यासाचा असतो. एका मिलिमीटरमध्ये अठरा हजार कण ओळीने बसतील. त्याच्या वर्तुळाकार डी. एन. ए.त जेमतेम आठ हजार अक्षरजोड्या. यातली ई-६ आणि ई-७ ही दोन जनुके कर्करोगाच्या पेशींत चालू असतात, असे १९८५ मध्ये दिसून आले. ती काय करतात, हेही नंतर उलगडले. आपल्या पेशीत अनियंत्रित विभाजन रोखणारी प्रथिने असतात. त्यांपैकी पी-५३ नावाच्या प्रथिनाचा ई-६ नाश घडवते, तर आर. बी. नावाच्या प्रथिनाला ई-७ निकामी करते. मोटारीचे दोन्ही ब्रेक काढून टाकावेत, तसे हे झाले. आणि मोठ्या पाहणीत, १९९९ मध्ये, जगभरातून घेतलेल्या या कर्करोगाच्या नमुन्यांपैकी ९९.७ टक्के नमुन्यांत पॅपिलोमा विषाणू आढळला.

याचा अर्थ विषाणू शिरला की कर्करोग झालाच, असे मुळीच नाही. बहुतेकांच्या शरीरातून तो एकदोन वर्षांत आपोआप हद्दपार होतो. थोड्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो आणि त्यांतल्या काहींना पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. हा लांबलचक काळ हीच आपली संधी आहे.

रिकामे कवच

विषाणू कळला तेव्हा लस करावी, हे उघड होते. त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात एका औषध कंपनीकडे ही कल्पना मांडली. कंपनीने पाहणी केली आणि अशा लशीला बाजारपेठ नाही, असे कळवले. यावर अधिक काय लिहावे!

वाट निघाली ती ऑस्ट्रेलियात. ब्रिस्बेन येथे इयान फ्रेझर आणि जिआन झोउ यांनी १९९१ मध्ये विषाणूच्या कवचाची प्रथिने प्रयोगशाळेतील पेशींत तयार केली, आणि ती आपोआप एकत्र येऊन त्यांचे गोल कवच बनले. कवचाच्या मुख्य प्रथिनाचे पाच-पाच रेणू मिळून एक चकती, आणि अशा ७२ चकत्यांचा चेंडू, अशी या विषाणूच्या कवचाची रचना असते. अमेरिकेतील प्रयोगशाळांनीही ही पद्धत पुढे नेली. आत डी. एन. ए. नसलेले असे कवच विषाणूसारखे दिसते, पण रोग निर्माण करू शकत नाही. आपली प्रतिकारयंत्रणा मात्र त्याला पाहून खऱ्या शत्रूची तयारी करून ठेवते. पहिली लस २००६ मध्ये वापरात आली. झोउ हे १९९९ मध्येच निवर्तले होते. त्यांना ती पाहता आली नाही.

परिणाम? स्वीडनमध्ये सुमारे १६ लाख ७३ हजार मुली व तरुणींची नोंद तपासली गेली. सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. हा अहवाल २०२० चा. स्कॉटलंडमध्ये तर बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींत या कर्करोगाचा एकही रुग्ण आढळला नाही, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता आपल्या घराजवळ येऊ. या लशीच्या तीन मात्रा द्याव्यात की दोन पुरतील, हे पाहण्यासाठी २००९ मध्ये भारतात एक अभ्यास सुरू झाला. त्याच्या केंद्रांत पुणे आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी ही ठिकाणेही होती. १७,७२९ मुलींना लस दिल्यावर एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा सगळ्या चाचण्या थांबवल्या. कारण होते दुसऱ्याच एका प्रकल्पातील काही मुलींचे मृत्यू. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध दिसला नाही. परंतु त्या प्रकल्पात पालकांची संमती ज्या प्रकारे घेतली गेली, तिच्यावर कडक टीका झाली आणि ती योग्यच होती. इकडे आपल्या अभ्यासातील सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळालेली होती. प्रयोग मोडला म्हणून संशोधकांनी वह्या मिटल्या नाहीत. दहा वर्षे ते या मुलींचा मागोवा घेत राहिले. प्रकार १६ आणि १८ च्या चिवट संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते, असे २०२१ मध्ये दिसून आले, तीन मात्रांइतकेच! अशा पुराव्यांवरून, वीस वर्षांखालील मुलींना एक मात्राही चालेल, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जाहीर केले. गरीब देशांच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट! त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या भारतीय लशीलाही परवानगी मिळाली.

लस घेण्याचे योग्य वय नऊ ते चौदा. विषाणूशी गाठ पडण्यापूर्वीच ती घ्यायची असते, कारण शरीरात शिरलेल्या विषाणूला ती बाहेर काढत नाही. म्हणजे ती तुमच्या वयाच्या, किंवा तुमच्या धाकट्या बहिणीच्या उपयोगाची. तुमच्या आईसाठी दुसरा उपाय आहे: तपासणी. त्याचाही भक्कम पुरावा आपल्याच जिल्ह्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाला विषाणूची चाचणी एकदाच देऊ केली, त्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटात अशी तपासणी केली नव्हती, त्या सुमारे ३१ हजार स्त्रियांत ६४. ही चाचणी म्हणजे गर्भाशयमुखावरून पेशी घेऊन त्यांत विषाणूचे डी. एन. ए. आहे का ते पाहणे. तीच आपली पेड चिकटण्याची युक्ती. खर्च परवडत नसेल तेथे पातळ व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी करायचीही एक तपासणी आहे आणि ती सरकारी आरोग्य केंद्रांत होते. आईचे वय तीस ते पासष्ट यांच्या दरम्यान असेल तर हा लेख तिलाही वाचायला द्या.